ओढ्याला दाखवलेला कात्रजचा घाट

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली त्याच आठवड्यात आमच्या घरातून तीन वस्तू एकामागून एक नाहीशा झाल्या. पहिली पिठाची चाळण. दुसरी सौ.च्या माहेरची इनॅमलची पांढरी परात, जी निव्वळ आठवण म्हणून जपून ठेवलेली होती. आणि तिसरा माळ्यावरचा डालड्याचा डबा. या डब्यात मी चाळीस वर्षांचे खिळे आणि स्क्रू साठवले होते. चोराने ते वर्तमानपत्रावर ओतून, त्याची नीट पुडी बांधून जागच्या जागी ठेवले होते. इतका व्यवस्थित चोर घरचाच असणार हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण वस्तू हरवली की मध्यमवर्गीय घरात नजर प्रथम कोणाकडे वळते हे वाचकांना सांगायला नको. अठरा वर्षे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनी ती नजर बरोबर ओळखली.

"माझ्याकडं काय बघता आजोबा? नातीला विचारा की. परवा ओढ्याच्या पुलावर चाळण घेऊन उभी होती. मला वाटलं, आजींनी काही नवस बोललाय का काय!"

नातीने गुन्हा तत्काळ कबूल केला. ती अकरावीला शास्त्र शाखेत आहे आणि तिला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या नावाचा विषय आहे. त्या विषयाचा प्रकल्प करावा लागतो, आणि तिच्या गटाने प्रकल्पासाठी आंबिल ओढा निवडला होता. ओढ्याची तब्येत तपासायची होती. चाळण किडे गाळायला, परात किडे पाहायला. डबा कशाला, ते ती सांगेना. "ते नंतर, आबा," म्हणाली.

आमच्या वेळी भूगोल होता. आम्ही मिसिसिपीच्या उपनद्या घोकल्या. पण शाळेच्या मागून वाहणारा ओढा कुठून येतो आणि कुठे जातो, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जो सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आखला, त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्याच डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. वर्गाबाहेर पडून नदी, तळे, टेकडी डोळ्यांनी पाहण्याचे तास त्या पाठ्यक्रमात ठरवून दिलेले आहेत. योगायोग असा की डॉ. भरुचांनी उभारलेली पर्यावरणाची संस्था धनकवडीला, म्हणजे याच आंबिल ओढ्याच्या शेजारात आहे. कागदावर हे सारे उत्तम. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हे प्रकल्प बाजारात तयार मिळतात आणि मुले ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. नातीच्या कॉलेजातील बाई मात्र त्या जातीच्या नव्हत्या. प्रत्येक गटाबरोबर घरचे एक मोठे माणूस असलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. घरातली बाकी मोठी माणसे रविवारी दमलेली असतात. तेव्हा पंचाहत्तरीच्या घरातल्या मलाच टोपी घालून निघावे लागले.

कात्रजचा घाट म्हटले की शिवाजी महाराजांची गोष्ट आठवणारच. १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानाची बोटे तोडून महाराज सिंहगडाकडे निघाले, आणि पाठलाग करणाऱ्या मोगलांना बैलांच्या शिंगांना बांधलेल्या मशालींनी कात्रजच्या घाटात भुलवून नेले, असे परंपरा सांगते. तेव्हापासून एखाद्याला शिताफीने फसवले की 'कात्रजचा घाट दाखवला' असे आपण म्हणतो. त्या दिवशी बसमध्ये मी ही गोष्ट सहा मुलांना रंगवून सांगितली. ही म्हण संध्याकाळपर्यंत माझ्यावरच उलटणार आहे याची मला कल्पना नव्हती.

भिलारेवाडीच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही उतरलो. काम सुरू करण्यापूर्वी बाईंनी एक कागद घेतला, हातात चुरगळला आणि थोडासा उलगडून दगडावर ठेवला. त्याच्या उंचवट्यांवर शाईच्या पेनाने रेघा ओढल्या. मग एका मुलाला त्यावर बाटलीतून पाणी शिंपडायला सांगितले. रेघांची शाई सुटली, सुरकुत्यांतून वाहत निघाली आणि सगळी एका खळग्यात गोळा झाली. "हा खळगा म्हणजे आपला ओढा," बाई म्हणाल्या, "आणि जिथून जिथून शाई आली तो सगळा त्याचा पाणलोट. ओढा पाहायचा म्हणजे नुसते पाणी पाहून चालणार नाही. शाई कोणी ओढली तेही पाहायचे."

मग त्यांनी वर, घाटाच्या धारेकडे बोट दाखवले. त्या धारेवर पडणाऱ्या पावसाची वाटणी होते. उत्तरेला पडलेला थेंब आंबिल ओढ्यातून मुठेत, मुळा-मुठेतून भीमेत जातो. वीतभर दक्षिणेला पडलेला थेंब खेड-शिवापूरच्या शिवगंगेत, तिथून गुंजवणीत आणि नीरेत जातो. आणि नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते तिथे हे दोन थेंब पुन्हा भेटतात! पंचाहत्तर वर्षे पुण्यात काढून मला हे माहीत नव्हते. मी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतले, तेव्हा मुले हसली.

वरचा ओढा म्हणजे हातभर रुंदीची, घोट्याएवढ्या पाण्याची खळखळती धार. मुलांनी टेपने दहा मीटर मोजले आणि वरच्या टोकाला एक लिंबू सोडले. लिंबू तळाशी जात नाही आणि वाऱ्याने उडतही नाही, म्हणून वेग मोजायला ते बरे. मात्र वरचे पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात धावते. तेव्हा आलेल्या वेगाला साधारण ०.८ ने गुणायचे, म्हणजे साऱ्या प्रवाहाचा खरा वेग मिळतो. लिंबू दोनदा एका दगडामागे अडकून बसले. "आबा, तुम्हीच बसा तिथे," असे म्हणून मुलांनी मला त्या दगडाशी लिंबू ढकलण्याच्या कामावर नेमले. हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झाल्यावर मिळालेली ही माझी पहिली नेमणूक.

यानंतर आमची चाळण पाण्यात उतरली. एकाने वरच्या अंगाला दगड हलवायचे, दुसऱ्याने खालच्या अंगाला चाळण धरायची, आणि जे सापडेल ते परातीत ओतायचे. पांढऱ्या परातीत पाणी स्थिर झाले आणि मी चष्मा पुसला. मला आधी काडीकचरा दिसला. मग एक काडी चालू लागली.

ती काडी नव्हती. कॅडिस नावाच्या पाखराची अळी आपल्या तोंडातल्या रेशमी धाग्याने वाळूचे कण एकमेकांना चिकटवून नळीसारखे घर बांधते आणि ते अंगावर घेऊन फिरते, ती ही. (आमच्या सोसायटीच्या बिल्डरापेक्षा तिचे काम सरस होते, कुठे भेग म्हणून दिसली नाही.) एका दगडाच्या पोटाला चिकटून चपटी, तीन शेपट्यांची पिल्ले होती. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले सारखे हलत होते. ही मे-फ्लायची पिल्ले. पाण्यात महिनोन् महिने वाढतात आणि पंख फुटून बाहेर आली की एखादा दिवस, फार तर दोन दिवस जगतात. चतुराचे पिल्लू तर मोठे विनोदी निघाले. त्याला डिवचले की मागून पाण्याची पिचकारी मारून ते पुढे झेपावते. एक मुठा खेकडा परातीत आला, त्याने नातीच्या बोटाला नांगी लावली आणि तो सन्मानाने परत गेला.

या किड्यांचे महत्त्व काय? बाईंनी ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगितले. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली तर ती त्या क्षणाची पावती झाली. काल रात्री कोणी काही ओतले आणि सकाळपर्यंत ते वाहून गेले तर बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही. पण किडे तिथेच राहतात, वर्षभर. ज्याला भरपूर प्राणवायू लागतो तो किडा जिवंत सापडला, तर इथे वर्षभर प्राणवायू होता असे समजायचे. ही साधी पावती नव्हे, ही खातेवही झाली.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मारसोन या दोघांनी १९०८-०९ च्या सुमारास कोणत्या घाणीत कोणते जीव तगतात याची कोष्टके बांधली. १९४८ साली अमेरिकेत रूथ पॅट्रिक या बाई निरनिराळ्या विषयांतल्या तज्ज्ञांचा ताफा घेऊन पेनसिल्व्हानियातील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात उतरल्या. एखादा जीव आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही, शेवाळापासून माशापर्यंत साऱ्या बिऱ्हाडाची शिरगणती करावी लागते, हे त्यांनी दाखवून दिले. या बाई १०५ वर्षे जगल्या. इंग्लंडात पुढे किड्यांच्या कुळांना एक ते दहा असे गुण देण्याची पद्धत निघाली. तीत मे-फ्लायच्या कित्येक कुळांना दहापैकी दहा, साध्या गोगलगाईला तीन आणि गाळातल्या किरमांना अवघा एक. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती भारतातल्या नद्यांना जुळवून घेतली आहे. थोडक्यात, मुलांच्या हाती ओढ्याचे प्रगतिपुस्तक होते. वरच्या ठिकाणी ओढा पहिल्या वर्गात पास झाला.

एक प्रयोग मात्र मला फार आवडला. काचेच्या बाटलीत एकही बुडबुडा न ठेवता ओढ्याचे पाणी भरायचे आणि त्यात दोन औषधांचे थेंब सोडायचे. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली ही युक्ती शोधली. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी ढग उठतो. चहाच्या चोथ्यासारखा तो हळूहळू खाली बसतो. पाण्यात प्राणवायू नसेल तर ढग पांढराच राहतो. पंचवीस अंशाच्या उष्णतेला एका लिटर पाण्यात फार तर आठ-सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एवढ्याशा पुंजीवर साऱ्या ओढ्याचा संसार. आमच्या बाटलीतला ढग गडद तपकिरी झाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

कात्रजच्या तळ्यापाशी आम्ही डबे उघडले. तळ्याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी ते बांधले आणि जमिनीखालून दगडी नळ घालून त्याचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणि शनिवारवाड्यापर्यंत खेळवले. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवले. आंबिल ओढ्याचा मूळचा प्रवाह शहराच्या वस्तीतून जात असे. तो पश्चिमेकडे वळवला तोही त्यांनीच. म्हणजे ओढ्याला हात लावणारे आपण पहिले नव्हे. परंतु पेशव्यांना ओढ्याचे पाणी प्यायचे होते. आपल्याला ते फक्त नजरेआड करायचे आहे, आणि माणूस जे पिणार असतो त्याची निगा राखतो, हा फरक मला दशम्या खाता खाता जाणवला.

तिसरे ठिकाण आमच्या घराजवळचा पूल.

येथे बाईंनी मुलांना पाण्यात पाऊल टाकू दिले नाही. रबरी हातमोजे घालून पुलावरून दोरीला बांधलेली बादली सोडली. पाणी वर येण्यापूर्वी वास वर आला. परातीत गाळ ओतला, तो शाईसारखा काळा. बराच वेळ काहीच हलले नाही. मग लाल दोऱ्याचे तुकडे वळवळू लागले. या एका जातीच्या चिलटांच्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तात असते तसेच हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल. आणि त्यामुळेच जिथे प्राणवायू जवळजवळ नाही तिथे त्या जगतात. दुसरा प्राणी त्याहून चमत्कारिक. पांढरट अळी, आणि तिला उंदरासारखी लांब शेपटी. पण ती शेपटी नव्हे, श्वास घ्यायची नळी! पाण्यात हवा उरली नाही, तर अळी गाळात बसून नळी वर काढते आणि बाहेरची हवा घेते. बस्स. तीन शेपट्यांचे पिल्लू नाही, वाळूचे घर नाही, चतुर नाही, खेकडा नाही. पाच-सात किलोमीटरांच्या वाटेत सारे बिऱ्हाड उठून गेले होते.

बाटली भरली, थेंब सोडले. सगळी मुले वाकून पाहत होती. ढग उठला तो पांढरा. फाटलेल्या दुधासारखा पांढराच राहिला. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात मावशी पुलावरून निघाल्या होत्या. त्यांचे घर पुलाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठच्या वस्तीत. परातीत डोकावून त्या म्हणाल्या, "हे किडे होय? आमच्या मोरीत रोज येतात. बाटलीत घालून बघायला लागतंय होय यांना?"

सांडपाणी ओढ्यात आले की त्यातली घाण खायला सूक्ष्मजंतू तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे, किडे गुदमरतात ते त्यामुळे. हे मला थोडेफार ठाऊक होते, आणि त्याचा दोष वर कुठेतरी राहणाऱ्या लोकांना देऊन मी मोकळा होतो. आमच्या सोसायटीचे सांडपाणी नगरपालिकेच्या गटारवाहिनीला जोडलेले आहे, त्याचा दाखला माझ्या फायलीत आहे. मी नातीला तसे सांगितलेही. तिने फक्त विचारले, "आबा, पुढच्या रविवारी डब्याचा प्रयोग आपल्या अंगणात केला तर चालेल ना? तुम्ही अध्यक्ष आहात म्हणून विचारते."

आता मला एक कबुली द्यायची आहे. मी आमच्या सोसायटीचा अनेक वर्षे अध्यक्ष आहे. प्लॉट पंचवीस गुंठ्यांचा. ओढ्यापासून दोनशे पावलांवर, पण उंचवट्यावर. पूर्वी अंगण मातीचे होते. पावसाळ्यात चिखल व्हायचा, जिन्यात पावले उमटायची, मोटारी रुतायच्या. मी दोन वर्षे पाठपुरावा केला, वर्गणी जमवली आणि २०१६ च्या उन्हाळ्यात कडुनिंबाच्या बुंध्याभोवतीचे वर्तुळ तेवढे सोडून सगळे अंगण सिमेंट काँक्रीटचे करून घेतले. माझ्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे काम. त्याची कोनशिला बसवावी असेही एकाने सुचवले होते. मी नको म्हणालो, पण मनातून आवडले होते.

तर पुढच्या रविवारी मुलांनी डालड्याच्या डब्याचे बूड कापले आणि तो कडुनिंबाच्या बुंध्याशी मातीत चार बोटे दाबला. त्यात तांब्याभर पाणी ओतून घड्याळ लावले. पाणी हळूहळू उतरत जाऊन मुरले. मग तोच डबा काँक्रीटवर ठेवला, कडेने कणकेने लिंपला (कणीकही आमचीच) आणि पुन्हा तांब्याभर पाणी ओतले. आम्ही चहा घेतला. वर्तमानपत्र वाचले. जेवायची वेळ झाली तरी डब्यातले पाणी होते तिथेच होते.

नातीने वही पुढे केली. "तुम्ही हिशेब तपासा, आबा." एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा १०० मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडते, म्हणजे रस्त्यावर दिसणारा एक मोठा टँकर. आमचे पंचवीस गुंठे म्हणजे पंचवीस टँकर. गच्ची आणि अंगण मिळून सगळेच बंद, तेव्हा ते पंचवीसही टँकर फाटकातून बाहेर, उताराने ओढ्याकडे. हिशेबात चूक नव्हती. चूक असती तर बरे झाले असते, कारण एप्रिल-मे महिन्यांत बोअर आटते तेव्हा सोसायटी टँकर विकत घेते आणि त्या बिलांवर सही माझी असते.

मग मला २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवली. त्या रात्री दक्षिण पुण्यात जो पाऊस झाला तो पुणेकर विसरणार नाहीत. आंबिल ओढा काठ सोडून वस्त्यांत शिरला, अरण्येश्वराजवळ भिंत कोसळून माणसे गेली, आणि शहर-जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तो पूर मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिला होता. पण ते फुटलेल्या धरणाचे पाणी होते. ओढ्याला असा पूर येईल हे स्वप्नातही नव्हते. त्या रात्री मी गॅलरीत उभा होतो. अंगणातले पाणी फाटकातून धो धो बाहेर जात होते आणि तासाभरात अंगण लख्ख! मी शेजाऱ्यांना म्हणालो होतो, "पाहिलंत? थेंब राहिला नाही. मातीचं असतं तर तळं झालं असतं."

मावशी त्यानंतर दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी सांगितले, कमरेएवढे पाणी होते, शेगडी गेली, आणि मुलीची दहावीची पुस्तके फुगून विटांसारखी झाली. मी त्यांना पाचशे रुपये आणि दोन जुन्या चादरी दिल्या. आपण काही केले याचे समाधानही मला वाटले होते.

एका सोसायटीच्या पंचवीस टँकरांनी पूर येत नाही, हे मला कळते. पण त्या पाणलोटात आमच्यासारख्या सोसायट्या किती, आणि त्या प्रत्येकीत माझ्यासारखा एक कर्तबगार अध्यक्ष! अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातील ओढ्यांची एक पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली. पाणलोटातली दहा-बारा टक्के जमीन पाणी न मुरणारी झाली की ओढ्याची तब्येत ढासळू लागते, आणि तीस टक्क्यांवर गेली की पार बिघडते, असे तीत आढळले. याचे कारण नातीनेच समजावले. मातीत मुरलेले पाणी काही नाहीसे होत नाही. ते जमिनीखालून सावकाश ओढ्यात झिरपते आणि पाऊस संपल्यावरही महिनोन् महिने त्याला वाहते ठेवते. मुरणे बंद झाले की पावसाचे पाणी सगळे एकदम येते, दगड खरवडते, दगडाखालची पिल्ले धुऊन नेते. आणि पुढे? पुढे वर्षभर वरून स्वच्छ पाणी येत नाही, येते ते केवळ सांडपाणी. म्हणजे आपण ओढ्याला पाऊस देतो तो एका रात्रीत आणि उरलेले वर्षभर देतो मोऱ्यांचे पाणी.

"म्हणजे आपण ओढ्याला कात्रजचा घाट दाखवला म्हणायचं, ना आबा?" म्हण मीच शिकवली होती. मी काय बोलणार?

मार्चमध्ये तपासलेली वही परत आली. शेवटच्या पानावर 'उपाययोजना' आणि 'कोणी करावी' असे दोन रकाने होते. गटातल्या बाकी मुलांनी दुसऱ्या रकान्यात महानगरपालिका, शासन, सुजाण नागरिक असे लिहिले होते. आमच्या नातीने लिहिले होते: 'अध्यक्ष, आमची सोसायटी (आजोबा).' त्याखाली बाईंच्या लाल शाईत शेरा होता, "छान. पाठपुरावा करावा."

एप्रिलमध्ये मी विशेष सभा बोलावली. विषय क्रमांक एक: अंगणातील काँक्रीट काढणे. सभेत जे झाले ते थोडक्यात सांगतो. खजिनदार म्हणाले, डास होतील. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, मोटारी घाण होतील. एक जण म्हणाले, आपण एकट्यांनी उखडून काय होणार, आधी वरच्यांना सांगा. आणि २०१६ साली काँक्रीटच्या बाजूने मी जे भाषण केले होते, त्याचे इतिवृत्त चिटणीसांनी शांतपणे वाचून दाखवले. ते भाषण फारच मुद्देसूद होते. शेवटी अकरा विरुद्ध नऊ मतांनी एवढे ठरले की मोटारींची जागा सोडून कुंपणाच्या कडेचा पट्टा आणि कडुनिंबाभोवतीची जागा मोकळी करायची, आणि गच्चीच्या एका बाजूचे नळ बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचे. ज्या कंत्राटदाराने काँक्रीट घातले होते त्यालाच बोलावले. त्याने घालण्याचे घेतले त्याहून उखडण्याचे अधिक घेतले.

सगळे मिळून साडेतीन गुंठ्यांचे पाणी आता जमिनीत जाते.

यंदा ऑगस्टमध्ये एका रात्री जोराचा पाऊस झाला. मी पुन्हा गॅलरीत उभा होतो. फाटकातून पाणी जातच होते, पण कडुनिंबाखाली साचलेले डबके माझ्या डोळ्यांसमोर बसत गेले. सकाळी मावशी वेळेवर आल्या. सौ.ने विचारले, "घरात नाही ना शिरलं?"

"नाही आजी. पायरीला लागून गेलं."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि नातीकडे पाहिले. मला काय म्हणायचे होते ते तिने ओळखले असावे. पोह्यांवरून डोके वर न काढता ती म्हणाली, "आबा, साडेतीन टँकर."